गाण्यावरून एकेक पक्षी ओळखणं

"पेरते व्हा" ऐकू आलं की पावशा आला हे खान्देशातलं लहान पोरही सांगतं, पण तो मागच्या वर्षीचाच पावशा का दुसरा कोणी, हे सहसा कोणी विचारत नाही. आवाजावरून पक्षी ओळखणं म्हणजे जात ओळखणं एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. मर्लिन किंवा बर्डनेट ही मोबाईल अ‍ॅप्सही तेवढंच सांगतात. ही नोंद त्याच्या पुढची आहे: एकाच जातीचे तीन-चार नर आजूबाजूला गात असतील तर आत्ता नेमका कोणता गातोय ते ओळखणं, तेही न पकडता.

हे जमतं कारण गाणारे पक्षी गाणं शिकतात. दयाळ, चिरक, चंडोल, शिंपी हे सगळे या गटातले. पिल्लू मोठ्यांचं ऐकतं, मनात ठेवतं, मग बडबडत बडबडत जमवतं, आणि त्यात थोडं इकडचं तिकडचं होतंच, म्हणून प्रत्येकाचं गाणं जरा वेगळं निघतं. केंब्रिजचे शास्त्रज्ञ विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या युरोपातल्या गाणाऱ्या पक्ष्याची पिल्लं एकटी वाढवून पाहिली तर त्यांचं गाणं अर्धवटच राहिलं. कोकीळ आणि पावशा या गटात नाहीत, त्यांची पिल्लं परक्या घरट्यात वाढतात आणि तरी हाक आपल्या जातीचीच देतात, म्हणजे ती उपजत असते.

ओळखायला शिकायचं तर खान्देशात दयाळसारखा पक्षी नाही. जळगाव-भुसावळच्या कॉलन्यांमध्ये, यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यांजवळ, घराशेजारच्या कडुनिंबावर, पाण्याच्या टाकीवर, कुठेही असतो. मार्चपासून रंगात येतो, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला तर पहाटे अंधारातच सुरू होतो आणि ऊन तापलं की गप्प. प्रत्येक नराची स्वतःची हद्द असते आणि विणीच्या काळात तो रोज साधारण त्याच दोन-तीन जागांवरून गातो, त्यामुळे सुरुवातीला जागा लक्षात ठेवायची आणि मग हळूहळू जागा सोडून गाण्याकडे यायचं. एक नर एकच ओळ गात नाही, त्याच्याकडे अनेक ओळी असतात, म्हणून एका ओळीवरून नाव ठेवायची घाई करू नये. सुरुवात कशी करतो, शेवटची शीळ वर नेतो का खाली सोडतो, कोणती ओळ कोणत्या ओळीनंतर घेतो, हे वहीत लिहीत गेलं की आठ-दहा दिवसांत कान तयार होतो. हरिद्वारच्या गुरुकुल कांगडी विद्यापीठात दयाळच्या गाण्यावर चांगलं काम झालंय.

कानाची खात्री करायला रेकॉर्डिंग लागतं. मोबाईल चालतो, फक्त पक्ष्याच्या जवळ, सकाळी लवकर आणि पंखा-कूलर-गाड्यांच्या आवाजापासून लांब. मग ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम काढायचा, म्हणजे आवाजाचं चित्र, आडवा वेळ आणि उभी स्वराची उंची. तीच ओळ तोच नर पुन्हा गातो तेव्हा चित्र जवळजवळ तसंच उमटतं, आणि शेजारचा नर तशीच ओळ गायला तरी कुठेतरी एखादी रेघ वाकडी, लांब किंवा गायब दिसते. माझ्या मते खरी गोडी इथेच आहे.

पायात रंगीत कडी घालून पडताळणं हा पक्का मार्ग. अमेरिकेत ओहायोमध्ये मार्गारेट मोर्स नाइस यांनी १९२८ पासून साँग स्पॅरो या तिकडच्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांना अशी कडी घालून वर्षानुवर्षं पाहिलं आणि प्रत्येक नराची गाणी निराळी असतात हे दाखवलं. आपल्याकडे त्यासाठी पक्षी पकडायला सरकारी परवानगी लागते, घरच्या घरी करायचं काम नाही हे. पक्षी स्वतः तर एकमेकांना ओळखतातच. हूडेड वार्बलर नावाचा अमेरिकन पक्षी हिवाळ्यात स्थलांतर करून परत आल्यावरही मागच्या वर्षीच्या शेजाऱ्याचं गाणं ओळखतो, हे १९९१ मध्ये रेने गोडार्ड यांनी दाखवलं. शेजारी आपल्या बाजूने गायला तर तो फार चिडत नाही, अनोळखी गायला की धावून जातो.

अडचणी आहेत. दयाळ दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला घेतो, तरुण नराचं गाणं वर्षभरात बदलतं, आणि गाणं थांबलं की ओळखही थांबते, म्हणून ऑगस्टनंतर या पद्धतीचा फारसा उपयोग नाही.

नंदुरबारकडे याचा विचार वेगळ्या कारणाने व्हायला हवा. शंभरहून जास्त वर्षं न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो घुबडातला, गाणारा पक्षी नव्हे, हाक उपजत, पण इतक्या दुर्मिळ पक्ष्याला पकडून कडी घालण्यापेक्षा लांबून हाका रेकॉर्ड करून त्यात एकेकाची खूण सापडते का बघणं केव्हाही बरं. मात्र त्याची रेकॉर्ड केलेली हाक स्पीकरवर लावून त्याला बोलावू नये. परका नर हद्दीत आला असं समजून तो घरटं, शिकार सोडून भांडायला येतो, आणि रोज कोणीतरी नवीन माणूस येऊन हेच करत असेल तर विणीच्या दिवसांत त्याचा वेळ त्यातच जातो.