कोडमधील दोषखुणा

संगणकाच्या आज्ञावलीतील सदोष, अपुरा किंवा तात्पुरता भाग ओळखू यावा म्हणून टिप्पणीत लिहायचे ठरावीक शब्द. टूडू (करायचे राहिले), फिक्समी (दुरुस्त करा), हॅक (वेळ मारून नेलेली सोय) आणि एक्सएक्सएक्स या खुणा विशेष रूढ आहेत. टिप्पणी संगणक सोडून देतो; खूण असते ती पुढे कोड उघडणाऱ्या माणसासाठी.

अपोलो ११ (१९६९) मोहिमेच्या चांद्रावतरणाच्या आज्ञावलीत ‘हे तात्पुरते आहे, अशी आशा, आशा, आशा’ या अर्थाचा शेरा आढळतो. त्याला दोषखूण म्हणणे मात्र सैलपणाचे ठरेल. खुणेचे रूप ठरलेले असावे लागते, म्हणजे ग्रेपसारख्या शोधसाधनाने ती एका फटक्यात सापडते. याच कारणाने तिची तुलना पोथीतल्या खुणांशी बेताने करावी. जुन्या लेखनिकांत गळलेल्या अक्षरासाठी हंसपद (‘^’ अशी खूण) घालण्याची आणि चुकीच्या अक्षरावर हरताळ (पिवळा खनिज रंग) फासण्याची रीत होती. हंसपद दोषखुणेच्या जवळचे आहे. हरताळ मात्र चूक झाकतो, दोषखूण ती उघडी ठेवते.

एक्सएक्सएक्सच्या अर्थाविषयी एकमत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या जावा या संगणकभाषेसाठीच्या लेखनसंकेतांत (१९९७) चुकीचे पण चालणारे ते एक्सएक्सएक्स आणि चुकीचे व मोडलेले ते फिक्समी, असा भेद केला आहे. पायथन या संगणकभाषेच्या ३५० क्रमांकाच्या प्रस्तावात (२००५, पुढे नामंजूर) एक्सएक्सएक्स हा फिक्समीचाच पर्यायी शब्द धरला आहे. व्यवहारात पहिला भेद अधिक उपयोगी दिसतो. समजा, लातूरच्या एखाद्या आडतीवरील हिशेबाच्या आज्ञावलीत बारदानाची (रिकाम्या गोणीच्या वजनाची) घट कट्ट्यामागे सरसकट एक किलो धरली आहे. हिशेबाची पट्टी छापली जाते, बेरीजही जुळते; पण प्लास्टिकची गोणी त्याहून पुष्कळ हलकी असल्याने दर कट्ट्याला शेतकऱ्याची तूर कमी भरते. ही जागा एक्सएक्सएक्सची. कट्ट्यांची संख्या शून्य टाकताच आज्ञावली बंद पडत असेल, तर ती फिक्समीची. दुसरी चूक त्याच दिवशी कळते. पहिली हंगामभर कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्यावर खूण असणे अधिक निकडीचे.

अमेरिकी आज्ञावलीकार वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा राहून गेलेल्या कामाला कर्जाची उपमा दिली. चार मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांच्या २०१४ मधील अभ्यासात पोतदार व शिहाब या संशोधकांना २.४ ते ३१ टक्के फाइलींत लिहिणाऱ्यानेच कबूल केलेले असे कर्ज आढळले. खुणेपुढे कारण, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तक्रारनोंदीचा क्रमांक लिहिला, तर तिचा पाठपुरावा होतो. नुसता ‘टूडू’ वर्षानुवर्षे तसाच राहतो.

‘नंतर बघू’ यासारखा शेरा रोमन लिपीत लिहिला की प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे होते आणि शोधात तो निसटतो. खुणेचा शब्द ठरीव ठेवून पुढचे कारण देवनागरीत लिहिता येते; जावा, पायथन या भाषांना युनिकोडमधील (सर्व लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीतील) टिप्पणी चालते.