शिवयोग (सोलापूर परंपरा)

शिवयोग ही वीरशैव-लिंगायत परंपरेतली आत्मसाक्षात्काराची साधना, आणि सोलापुरात हा विषय निघाला की पहिलं नाव सिद्धरामाचं. शहराचं ग्रामदैवत सिद्धेश्वर ते हेच, बाराव्या शतकातले शिवयोगी आणि कन्नड वचनकार, म्हणजे वचन नावाच्या छोट्या गद्यकविता रचणारे. (वीरशैव म्हणायचं की लिंगायत हा वाद मोठा आहे, या नोंदीत तो उकरत नाही.)

साधनेचा ढाचा थोडक्यात. ध्यान, धारणा, समाधी हे पतंजलीकडचे शब्द इथेही चालतात, पण मुक्काम वेगळा. पतंजलीकडे पुरुष प्रकृतीपासून सुटा होतो, त्याला कैवल्य म्हणतात, तर शिवयोगात अंग म्हणजे जीव आणि लिंग म्हणजे शिव यांचं सामरस्य व्हायचं असतं. वाटेतले टप्पे सहा, भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य, यालाच षट्स्थल म्हणतात. रोजची क्रिया अशी की गळ्यातलं इष्टलिंग (दीक्षेत मिळणारं, अंगावर बाळगायचं छोटं लिंग) सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांच्या रेषेत आणायचा आणि काळ्या गुळगुळीत लेपावर जो उजेडाचा ठिपका चमकतो तिथं नजर लावून बसायचं, हात अवघडतो, डोळ्यांना पाणी येतं, पण हलायचं नाही. हळूहळू बाहेरचं लिंग आत प्राणलिंग आणि पुढं भावलिंग म्हणून अनुभवाला येतं असं सांगतात.

सिद्धरामाच्या काळाबद्दल नक्की सालं देणारे बरेच आहेत, ती जपूनच घ्यावीत. बसवण्णा (म्हणजे बसवेश्वर) आणि कलचुरी राजा बिज्जल यांचे ते समकालीन, म्हणजे 1160 च्या दशकात ते कर्ते होते इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. आईवडील सुग्गलादेवी आणि मुद्दगौडा, गाव सोन्नलगी म्हणजे आजचं सोलापूर. मल्लय्या म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन जंगमाच्या (फिरत्या शैव साधूच्या) रूपात भेटला, पोरगं त्याच्या मागे श्रीशैलला गेलं, तिथून परत येऊन सोन्नलगीचं दुसरं श्रीशैल करायला घेतलं, तळं खोदलं, 68 लिंगं स्थापली, ही कथा इथल्या कुठल्याही आजीला पाठ असते. वचनं त्यांनी 68 हजार केली असं परंपरा म्हणते, हाती आलेली दोन हजारांच्या आतली आहेत.

खरी अडचण दीक्षेची, म्हणजे सिद्धरामांनी इष्टलिंगाची दीक्षा घेतली की नाही याची. शून्यसंपादने हा शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्तांच्या, संवादांचा कन्नड ग्रंथ, त्याची संकलनं पंधराव्या शतकापासून पुढची. त्यात या शरणांतले ज्येष्ठ अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात, तळ्याचं काम जोरात चालू असतं, आणि ते सिद्धरामाला सरळ ‘ओड्ड राम’ म्हणजे माती-दगड खोदणारा म्हणून हिणवतात, त्यावर कामकरी चिडून दगड घालतात, सिद्धराम स्वतः रागानं तिसरा डोळा उघडतात आणि ती आग अल्लमांच्या पायाशी विझते. मग वाद रंगतो. देवळं-तळी बांधून पुण्य मिळेल, पण स्वतःची ओळख पटली का, हा अल्लमांचा मुद्दा. शेवटी सिद्धराम शरणांच्या कल्याणला (कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण) जातात आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून इष्टलिंगदीक्षा घेतात.

पण राघवांक या कन्नड कवीनं तेराव्या शतकात लिहिलेलं सिद्धरामचरित्र, जे काळानं बरंच जवळचं, त्यात ही दीक्षा नाहीच. तिथले सिद्धराम जन्मापासूनच शिवयोगी, त्यांना कुणी नव्यानं जागं करायची गरज पडत नाही. शिवाय शून्यसंपादनेच्या संकलनकारांचंही या दीक्षेवर एकमत नाही. दीक्षा मानणारे अभ्यासक सिद्धरामाच्याच वचनांकडे बोट दाखवतात, त्यात बसवण्णा आणि चन्नबसवण्णांबद्दल भरभरून आहे, हा पुरावा हलका नाही. उलट बाजूनं असंही दिसतं की वचनांची मुद्रा (शेवटी सहीसारखं येणारं देवाचं नाव) शेवटपर्यंत ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ हीच राहिली, म्हणजे आपल्या गावातल्या देवळातला देव. कल्याणच्या मंडळींशी संबंध नक्की आला असावा, पण दीक्षेचा प्रसंग नंतर रचला गेला हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

या बाबतीत सोलापूरची गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची वार्षिक जत्रा, काय सांगते इकडे अभ्यासकांचं फारसं लक्ष जात नाही. संक्रांतीच्या सुमारास पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) खांद्या-कमरेवर तोलत 68 लिंगांना जातात, तैलाभिषेक होतो, मग संमती कट्ट्यावर अक्षता. लग्न लागतं ते सिद्धरामाच्या योगदंडाशी, कारण लग्नाचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येला त्यांनी योगदंडाशीच लग्न लाव म्हणून सांगितलं होतं अशी कथा आहे. ‘सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम’ झालं की कन्नड, तेलुगू, मराठी सगळे मिळून तांदूळ उधळतात आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ चा गजर उठतो. नंतर होम मैदानावर होम. या सगळ्यात स्थावरलिंगं (जागेवर स्थापलेली लिंगं) आहेत, तळं आहे, योगदंड आहे, कल्याणची दीक्षा मात्र कुठंच नाही. गावानं राघवांकाचा सिद्धराम लक्षात ठेवला, अल्लमांनी बदललेला नाही. अर्थात आजच्या विधीवरून बाराव्या शतकाचा निकाल लावता येत नाही, पण स्मृती कुठल्या बाजूची हे कळतं.

शिवयोगावरचं मधल्या शतकांतलं मराठी लिखाण विरळ आहे. विसोबा खेचरांच्या नावावरचं षट्स्थळ आणि मन्मथस्वामींचं परमरहस्य ही दोन मोठी नावं, तीही थेट सोलापूरची नाहीत.

विसाव्या शतकात सोलापूर जिल्ह्यातून आणखी एक सिद्धरामेश्वर महाराज (1888–1936) झाले, जन्म पाथरीचा, इंचगिरी संप्रदायातले, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य. हे अद्वैत वेदान्ताचे, षट्स्थलाचे नव्हेत. नामस्मरण-ध्यानाची सावकाश वाट ती पिपीलिका मार्ग, आणि विचारानं एकदम स्वरूपावर झेप ती विहंगम मार्ग, यातला दुसरा त्यांनी उचलून धरला. मुंबईतले निसर्गदत्त महाराज त्यांचेच शिष्य. नाव एकच असल्यानं दोघांची माहिती सर्रास एकमेकांत मिसळते. ग्रामदैवत सिद्धरामांची समाधी सोलापुरात तळ्यातल्या मंदिराच्या आवारात आहे, या महाराजांची मुंबईत बाणगंगेला.