सैनिकी पेन्शन आणि फॅमिली पेन्शनवरची राज्य आयकर सूट (अमेरिका)

अमेरिकेत इन्कम टॅक्स दोन ठिकाणी भरावा लागतो, एक केंद्राचा म्हणजे फेडरल आणि बहुतेक राज्यांत वर राज्याचा वेगळा. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न सोडलं तर इन्कम टॅक्स केंद्राकडेच असतो त्यामुळे हा प्रकार पटकन लक्षात येत नाही. तिथे २० वर्षं सैन्यात काढून रिटायर झालेल्या माणसाच्या पेन्शनवर फेडरल टॅक्स लागतोच, पण राज्याचा लागणार की नाही हे तो कुठे राहतो त्यावर ठरतं, आणि त्याच्या माघारी बायकोला जे मिळतं त्याचंही तसंच.

सगळ्याच पैशावर टॅक्स नसतो. सेवेत आलेल्या अपंगत्वाची भरपाई आणि सेवेमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला मिळणारी डीआयसी ही रक्कम मुळातच टॅक्स-फ्री आहे. प्रश्न येतो तो एसबीपीचा, म्हणजे १९७२ ला सुरू झालेला सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅन. समजा पेन्शन महिना ३,००० डॉलर आहे आणि पूर्ण रकमेवर प्लॅन घेतलाय, तर ६.५ टक्के म्हणजे १९५ डॉलर दरमहा कापले जातात आणि तो गेल्यावर जोडीदाराला ५५ टक्के म्हणजे १,६५० डॉलर मिळतात, वर्षाचे १९,८००. पूर्वी डीआयसीही मिळत असेल तर एसबीपीतून तेवढे पैसे कापायचे, लोक त्याला ‘विधवा टॅक्स’च म्हणायचे, ती कपात २०२३ च्या जानेवारीत पूर्ण बंद झाली आणि ते व्हायलाच हवं होतं.

टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, वॉशिंग्टन धरून नऊ राज्यांत पगार-पेन्शनवर राज्याचा टॅक्सच नाही. बाकीच्यांनी हळूहळू सूट दिली, कारण सोपं आहे, १८ व्या वर्षी भरती झालेला ३८ व्या वर्षी पेन्शन घेऊन बाहेर पडतो, हाताला कसब असतं, पुढे दुसरी नोकरी करतो, घर घेतो, असा माणूस आपल्या राज्यात राहावा असं प्रत्येकाला वाटतं. ॲरिझोना आणि नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ पासून, नेब्रास्का, इंडियाना, साउथ कॅरोलिना यांनी २०२२ पासून सूट दिली. व्हर्जिनियाने टप्प्याटप्प्याने वाढवली, २०२२ ला १०,००० आणि २०२५ ला ४०,००० डॉलर, ५५ वयाची अट २०२४ पासून काढली. कॅलिफोर्निया सगळ्यात मागे राहिलं, तिथे २०२५ ते २०२९ साठी २०,००० डॉलरपर्यंत सूट आहे, तीही उत्पन्न मर्यादेत असेल तरच (एकट्यासाठी १,२५,०००). वरच्या उदाहरणातली बाई कॅलिफोर्नियात राहत असेल आणि मर्यादेत बसत असेल तर तिचे १९,८०० पूर्ण सुटतात.

कोर्टाचाही यात हात आहे. राज्य सरकार आपल्या निवृत्त कर्मचाऱ्यांना सूट द्यायचं आणि फेडरलवाल्यांकडून टॅक्स घ्यायचं, हा भेदभाव सुप्रीम कोर्टाने १९८९ ला मिशिगनच्या केसमध्ये चुकीचा ठरवला आणि १९९२ ला कॅन्ससच्या केसमध्ये तेच सैनिकी पेन्शनला लावलं. पुढे १९९६ च्या कायद्याने, तुम्ही आता जिथे राहत नाही त्या राज्याला तुमच्या पेन्शनवर हात टाकता येत नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे की कायद्यात नुसतं ‘रिटायर्ड पे’ लिहिलंय की सर्व्हायव्हरचा उल्लेखही आहे ते बघायचं, नवऱ्याला सूट होती म्हणून बायकोला आपोआप असेलच असं धरू नये. नॉर्थ कॅरोलिनात तर एसबीपीची सूट गेलेल्या माणसाच्या सेवेवर अवलंबून असते, त्याची २० वर्षं झाली होती का किंवा तो मेडिकल रिटायर होता का. म्हणजे तो गेल्यावरही त्याचे सेवेचे कागद, डिस्चार्जचा डीडी २१४ वगैरे, जपून ठेवावे लागतात. वर्षभरात किती पेन्शन मिळाली ते दाखवणाऱ्या, दरवर्षी येणाऱ्या १०९९-आर या टॅक्सच्या फॉर्मवर सातव्या चौकोनात ४ आकडा असतो, त्याचा अर्थ मृत्यूनंतर मिळालेली रक्कम. राज्याचा टॅक्स एसबीपीतून आधीच कापून घेतला जात नाही, त्यामुळे सूट नसलेल्या राज्यात तो वेगळा बाजूला काढून ठेवावा लागतो.