टर्नबुलने देश बदलला नव्हता

१९३०च्या दशकातला खेळाडू मॉरिस टर्नबुल याचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: रग्बी वेल्सकडून, क्रिकेट इंग्लंडकडून, म्हणजे मध्ये कुठेतरी त्याने देश बदलला. हे साफ चूक आहे.

वेल्सचा स्वतंत्र कसोटी संघ तेव्हा नव्हता आणि आजही नाही. ज्याला आपण इंग्लंडचा संघ म्हणतो, तो इंग्लंड आणि वेल्स दोघांचा. आजच्या क्रिकेट मंडळाच्या नावातही दोन्ही देश आहेत. रग्बीत मात्र वेल्सचा स्वतःचा संघ आहे. त्यामुळे कार्डिफमध्ये जन्मलेल्या टर्नबुलपुढे कसोटीसाठी दुसरा दरवाजाच नव्हता. ग्लॅमॉर्गन या वेल्समधल्या काउंटी क्रिकेट क्लबकडून इंग्लंडच्या कसोटी संघात पोहोचलेला तो पहिला खेळाडू, आणि १९३० ते १९३९ त्या काउंटीचा कर्णधार. पैशांअभावी मोडकळीला आलेला हा क्लब जगवण्यासाठी तो निधी गोळा करत फिरला. ही निष्ठा कुणाला दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

जानेवारी १९३३ मध्ये वेल्सने रग्बीत इंग्लंडला ट्विकनहॅम या त्यांच्या घरच्या मैदानावर पहिल्यांदाच हरवलं, तेव्हा स्क्रम-हाफ या जागी हाच टर्नबुल खेळत होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात तो वेस्ट इंडीजविरुद्ध इंग्लंडकडून कसोटी खेळला. यात कुणालाच विसंगती वाटली नाही.

त्याची नववी आणि शेवटची कसोटी भारताविरुद्ध झाली, लॉर्ड्सवर, १९३६ मध्ये. पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात नाबाद ३७. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत लढताना तो मारला गेला, तेव्हा तो वेल्श गार्ड्स या ब्रिटिश सैन्याच्या रेजिमेंटमध्ये मेजर होता.