डेटोना २००१: साधी वाटलेली धडकच जीवघेणी का ठरली?

१८ फेब्रुवारी २००१. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, डेटोना बीचच्या ट्रॅकवर ‘डेटोना ५००’ ही स्टॉक कारची, म्हणजे दिसायला रोजच्या मोटारींसारख्या पण शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांची, शर्यत चालू होती. एकूण २०० फेऱ्यांपैकी १७३वी फेरी. दाटीवाटीने पळणाऱ्या गाड्यांमध्ये एकीचा धक्का दुसरीला लागला आणि बघता बघता दीड डझन गाड्या एकमेकींत अडकल्या. टोनी स्ट्यूअर्टची नारिंगी गाडी वर उचलली गेली, दुसऱ्या गाड्यांवरून कोलांट्या खात गेली आणि तिचे तुकडे चौफेर उडाले. शर्यत थांबवावी लागली. स्टँडमधल्या माणसांना वाटलं, हा काही वाचत नाही.

स्ट्यूअर्ट वाचला. खांद्याला मार आणि डोक्याला हादरा, एवढ्यावर निभावलं.

मग शेवटची फेरी आली. मायकल वॉल्ट्रिप पहिला, डेल अर्नहार्ट ज्युनियर दुसरा आणि त्यांच्या पाठीमागे काळ्या रंगाच्या ३ क्रमांकाच्या गाडीत खुद्द डेल अर्नहार्ट. पुढच्या दोन्ही गाड्या त्याच्याच मालकीच्या संघाच्या होत्या. एकीत त्याचा मुलगा होता, दुसरीत असा मित्र, ज्याने ही शर्यत ज्या वर्षभराच्या मालिकेत मोडते तिच्यातली एकही शर्यत आजवर जिंकली नव्हती. मागून येणारा घोळका अडवून धरण्याचं काम बापाने अंगावर घेतलं होतं. चौथ्या वळणावर स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा हलका स्पर्श झाला. अर्नहार्टची गाडी आधी डावीकडे खाली घसरली, मग झटक्यात उजवीकडे वळून उतारावरून वर चढली आणि बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. वाटेत केन श्रेडरची गाडी तिच्या उजव्या कुशीत घुसली. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून हिरवळीवर उतरल्या आणि थांबल्या. कोलांटी नाही, आग नाही, उडालेले तुकडे नाहीत. लाखो चाहत्यांनी ते पाहिलं आणि नजर वॉल्ट्रिपच्या विजयाकडे वळवली.

संध्याकाळी बातमी आली. डेल अर्नहार्ट गेला होता. वय ४९, सात वेळा मालिकेचा विजेता, तिच्यातल्या ७६ शर्यती नावावर.

या दोन अपघातांची जोडी माझ्या मनातून जात नाही. ज्याने काळजाचा ठोका चुकवला त्यातला माणूस घरी गेला आणि ज्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही त्याने जीव घेतला. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेले चाहते आजही हेच विचारतात, की ती धडक तर इतकी साधी होती, मग झालं काय? हा प्रश्न भाबडा नाही. त्याचं उत्तर यांत्रिकीत आणि शरीररचनेत आहे, आणि ते शोधताना मोटार शर्यतीचं सगळं सुरक्षाशास्त्र बदललं.

माणसाला वेग मारत नाही. वेग किती वेळात आणि किती अंतरात नाहीसा होतो, त्यावर सगळं ठरतं. स्ट्यूअर्टच्या गाडीची गतिज ऊर्जा प्रचंड होती, पण ती काही सेकंदांत, हप्त्याहप्त्याने खर्च झाली. प्रत्येक कोलांटीत थोडी, पत्रा चुरगळण्यात थोडी, उडून गेलेल्या तुकड्यांबरोबर थोडी. प्रेक्षकाला धडकी भरवणारी प्रत्येक गोष्ट खरं तर चालकाच्या अंगावर येणारा भार वाटून घेत होती.

अर्नहार्टच्या बाबतीत असं वाटून घ्यायला काहीच नव्हतं. नॅसकार या आयोजक संस्थेचा चौकशी अहवाल ऑगस्ट २००१मध्ये आला. त्यानुसार गाडी ताशी सुमारे २५५ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली, पण तिचा मार्ग भिंतीशी जेमतेम १४ अंशांचा कोन करत होता. म्हणजे बहुतेक वेग भिंतीला समांतर होता. भिंतीच्या दिशेने जाणारा भाग तेवढाच अचानक नाहीसा झाला. त्यात भिंतीवरून उसळी आणि घर्षण मिळवलं की वेगातला एकूण बदल ताशी सुमारे ६९ किलोमीटर भरतो. आकडा वाचून वाटतं, एवढंच? पण हा बदल झाला सुमारे ८० सहस्रांश सेकंदात. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

गणित मांडून पाहा. ताशी ६९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १९ मीटर. सहाव्या मजल्यावरून पडणारी वस्तू जमिनीवर टेकताना साधारण एवढाच वेग गाठते. तो ०.०८ सेकंदात शून्यावर आणायचा तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या २४ पट येतं आणि थांबायला मिळतं फक्त पाऊण मीटर अंतर. हीसुद्धा सरासरीच, मधल्या काही क्षणांत भार याच्या कितीतरी वर जातो.

गाडीत चालक पट्ट्यांनी आसनाला जखडलेला असतो. खांदे, छाती, कंबर गाडीबरोबर थांबतात. डोक्याला मात्र कुठलाच पट्टा नाही. ज्वारीचं ताट मुठीत घट्ट धरून एकदम हिसका दिला की ताट हातात राहतं आणि कणीस पुढे झेपावतं, तसं डोकं पुढे जातं. डोकं आणि हेल्मेट मिळून वजन सहा किलोच्या आसपास. २४ पटींच्या सरासरीनेच हिशेब केला तरी मानेवर दीडशे किलोच्या वजनाइतका ताण येतो. मानेचे स्नायू आणि अस्थिबंध हा ताण कवटीच्या तळाकडे पोचवतात. तिथे मोठं छिद्र आहे, ज्यातून मेंदूचा दांडा खाली उतरून मज्जारज्जू होतो. श्वास आणि हृदयाची लय सांभाळणारी केंद्रं तिथेच, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्याही तिथूनच. या तळाचं हाड तडकून त्यांना इजा झाली तर रुग्णालय कितीही जवळ असलं तरी अनेकदा उपयोग नसतो. अर्नहार्टला नेमकी हीच इजा झाली होती. चेहऱ्यावर फारशा खुणा नसतानाही ती होऊ शकते.

अपघातानंतरचे महिने कडवट गेले. संतापलेल्या चाहत्यांनी मार्लिनला धमक्या पाठवल्या. अखेर अर्नहार्टच्या मुलाने पुढे होऊन सांगितलं की यात कुणाचा दोष नाही. गाडीत डाव्या बाजूचा कमरेचा पट्टा तुटलेला सापडला आणि वाद पट्ट्याकडे वळला. एका गटाचं म्हणणं होतं की पट्टा तुटला म्हणून डोकं स्टिअरिंगवर आपटलं. ड्यूक विद्यापीठाचे डॉ. बॅरी मायर्स यांनी तटस्थ तज्ज्ञ म्हणून शवविच्छेदनाची छायाचित्रं तपासली आणि मत दिलं की पट्टा शाबूत असता तरी डोक्याच्या त्या झेपेने ही इजा झालीच असती. नॅसकारच्या अहवालाने श्रेडरच्या गाडीच्या धडकेवर बोट ठेवलं: त्या धक्क्याने अर्नहार्टचं शरीर जागेवरून सरकलं, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला बसलेला मार निर्णायक ठरला असावा. तज्ज्ञांचं पूर्ण एकमत झालं नाही. एका मुद्द्यावर मात्र फारसा वाद उरला नाही, तो म्हणजे डोकं मोकळं सोडणं परवडणारं नाही.

इथे मन विषण्ण होतं, कारण उपाय तयार होता. १९८१मध्ये पॅट्रिक जॅकमार हा फ्रेंच चालक ओहायोतल्या ट्रॅकवर सराव करताना कवटीच्या अशाच इजेने गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग स्वतः चालक होता आणि त्याचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात जैवयांत्रिकीचे प्राध्यापक. कवटीच्या हाडांचा अभ्यास हबर्ड यांनी आधीच केला होता. दोघांनी मिळून ‘हॅन्स’ बनवलं. खांद्यांवर बसणारी कडक कॉलर, तिच्यावरून जाणारे खांद्याचे पट्टे, आणि कॉलरपासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना जोडलेले दोन छोटे बंद. धडक झाली की डोकं पुढे जाऊ पाहतं, बंद ताणले जातात आणि जो ताण मानेवर यायचा तो कॉलरमधून पट्ट्यांवर आणि खांद्यांवर उतरतो. डोकं धडाबरोबर थांबतं. इतकी साधी कल्पना, पण नव्वदच्या दशकात ती विकत घेणारे चालक फार थोडे होते. कॉलर अवजड होती, मान वळत नाही अशी तक्रार होती, आग लागली तर खिडकीतून पटकन बाहेर कसं पडायचं ही धास्ती होती. अर्नहार्टलाही ती नको होती. तो तर चेहरा उघडा राहील असं जुन्या धाटणीचं हेल्मेट घालायचा, आणि चाहत्यांना त्याचा हाच रांगडेपणा आवडायचा.

धोक्याची घंटा आधीच वाजली होती. मे २०००मध्ये न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर अॅडम पेटी गेला, अवघा १९ वर्षांचा, शर्यतीतल्या नामांकित घराण्याच्या चौथ्या पिढीचा. जुलैत त्याच वळणावर केनी अर्विन. ऑक्टोबरात टेक्सासमध्ये टोनी रोपर. तिघांच्याही इजा डोक्याच्या आणि मानेच्या होत्या. डेटोनाच्या शर्यतीआधी आठवडाभर ऑर्लँडोच्या एका दैनिकाने याच इजांवर आणि हॅन्सवर लेखमाला छापली होती. तरीही त्या रविवारी ४३ चालकांपैकी मोजक्यांनीच हॅन्स घातलं होतं.

ऑगस्टपर्यंत बहुतेक चालक ते आपणहून घालू लागले. सक्ती व्हायला मात्र आणखी एक मृत्यू लागला. ४ ऑक्टोबर २००१ला शार्लटमध्ये एका दुय्यम मालिकेत ब्लेझ अलेक्झांडर गेला आणि त्याच महिन्यात नॅसकारने डोकं-मान बंधन सक्तीचं केलं. मला वाटतं, या सगळ्या हकिगतीतला सर्वांत चटका लावणारा भाग हाच आहे. ज्ञान होतं, वस्तू होती, प्रयोगशाळेतले पुरावे होते. हे संकट आपल्यावर येईल असं मात्र कुणाला वाटत नव्हतं.

दुसरा बदल भिंतीत झाला. डेटोनाच्या वळणांवर ट्रॅक ३१ अंशांनी कललेला आहे, म्हणून गाड्या तिथे वेग न सोडता वळू शकतात. पण ताबा सुटलेली गाडी वरच्या भिंतीकडे गेली की काँक्रीट जागचं हलत नाही. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग आणि त्यांचे सहकारी हमरस्त्यांच्या कठड्यांवर काम करत होते. त्यांनी काँक्रीटच्या पुढे चौकोनी पोलादी नळ्यांची भिंत उभी केली आणि मधल्या फटीत थर्माकोलच्या जातीच्या फोमचे ठोकळे ठेवले. गाडी आदळली की नळ्या आत दबतात, फोम चेपला जातो आणि थांबण्याचं अंतर वाढतं. अंतर दुप्पट झालं की सरासरी बल निम्म्यावर येतं. मे २००२मध्ये ‘सेफर’ नावाची ही भिंत प्रथम इंडियानापोलिसला बसली, मग एकेका ट्रॅकवर पसरली. पण सगळीकडे नाही. २०१५मध्ये डेटोनाच्याच आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटवर काइल बुश आदळला. एका पायाचं आणि दुसऱ्या पावलाचं हाड मोडलं. त्यानंतर उरलेल्या भिंतींची कामं निघाली.

गाडीही बदलली. जुन्या स्टॉक कारचा पोलादी सांगाडा इतका ताठ होता की पुढचा भाग नीट चुरगळतच नसे. नवीन पिढीच्या गाड्यांत चालकाचं आसन आतल्या बाजूला सरकलं, आसनाला डोक्याच्या दोन्ही बाजूंनी आधार आले, दारात ऊर्जा शोषणारा फोम भरला. २०२०च्या डेटोना ५००मध्ये शेवटच्याच फेरीत रायन न्यूमनची गाडी उलटी झाली आणि दुसरी गाडी थेट त्याच्या बाजूला घुसली. तेव्हा अनेकांना २००१ आठवलं. दोन दिवसांनी न्यूमन आपल्या दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला. अर्नहार्टनंतर नॅसकारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांमधल्या शर्यतींत एकही चालक दगावलेला नाही. गावोगावच्या छोट्या ट्रॅकांना मात्र हे भाग्य लाभलेलं नाही.

चाहते त्याला आपल्या रीतीने आठवत राहिले. २००१चा उरलेला मोसमभर तिसरी फेरी आली की स्टँडमधली माणसं उभी राहून तीन बोटं वर करायची आणि टीव्हीवरचे समालोचक गप्प व्हायचे. गावाकडे, नॉर्थ कॅरोलिनातल्या कनापोलिसला, त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. १९९८मध्ये विसाव्या प्रयत्नात त्याने डेटोना ५०० जिंकली, तेव्हा एका लहान मुलीने शुभेच्छा म्हणून दिलेलं एक सेंटचं नाणं त्याने डॅशबोर्डला चिकटवलं होतं. ती गोष्ट जुने चाहते अजून सांगतात. मुख्य मालिकेत ३ हा क्रमांक तेरा वर्षं कुणी वापरला नाही. २०१४मध्ये तो ऑस्टिन डिलनच्या गाडीवर आला तेव्हा काहींना बरं वाटलं, काहींना खटकलं. मला विचाराल तर त्या चालकाची खरी आठवण आज प्रत्येक चालकाच्या खांद्यावर बसते.

आणि काम संपलेलं नाही. २०२२मध्ये आलेल्या नव्या गाडीचा मागचा भाग गरजेपेक्षा ताठ निघाला. जुलैत पोकोनो इथे पात्रता फेरीत कर्ट बुशची गाडी फिरली आणि पाठीमागून भिंतीवर आपटली. पडद्यावर पाहिलं तर किरकोळ धडक. बुशला मेंदूचा असा हादरा बसला की तो पूर्णवेळ शर्यतीत परतू शकला नाही. पुढच्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. सप्टेंबरमध्ये टेक्सासला अॅलेक्स बोमनचीही गाडी मागून आदळली आणि त्यालाही काही शर्यतींना मुकावं लागलं. चालक उघडपणे बोलू लागले की धक्के पडद्यावर दिसतात त्याहून कितीतरी जोराचे लागताहेत. या वेळी त्यांचं ऐकलं गेलं. चाचण्या झाल्या, आणि २०२३च्या मोसमासाठी मागच्या सांगाड्यातल्या काही नळ्या काढून, काही बारीक करून तो भाग आधी चुरगळेल असा बदलण्यात आला.