आयातीमुळे नोकरी गेली? कामगाराला काय मिळतं, अर्ज कुठे करायचा आणि कागद कोणते लागतात

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतला एखादा कारखाना माणसं कमी करू लागतो, तेव्हा कारण शॉपफ्लोअरवर सगळ्यांना माहीत असतं. बाहेरून स्वस्त माल येतोय आणि गिऱ्हाईक तिकडे वळलंय. मग प्रश्न येतोच, आयातीमुळे नोकरी गेली तर सरकारची काही योजना आहे का?

खास त्या कारणासाठी आपल्याकडे योजना नाही. अमेरिकेत तशी योजना 1962 च्या व्यापार कायद्यापासून होती. तिथे तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा. नोकरी आयातीमुळे गेली हे कामगार खात्याने मान्य केलं, की प्रशिक्षण आणि भत्ता मिळायचा. 1 जुलै 2022 पासून तिथेही नव्या अर्जांना मंजुरी देणं थांबलं. आपल्याकडे स्वस्त आयातीविरुद्ध वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीटीआरकडे, म्हणजे व्यापार उपाय महासंचालनालयाकडे, दाद मागता येते, पण ती उत्पादकांनी मागायची असते. जादा शुल्क लागलं तर कारखान्याला आधार मिळतो, कामावरून कमी झालेल्या माणसाच्या हातात त्यातून थेट काही पडत नाही.

तरीही नोकरी गेल्यावर हक्काचे म्हणून जे पैसे आहेत, ते कारण कुठलंही असलं तरी मिळतात आणि ते थोडे नाहीत. अर्ज तपासणारा माणूस आयात-निर्यात बघत नाही. तुमची नोकरी कागदावर कशी संपली, एवढंच तो बघतो.

राजीनाम्यावर सही करण्याआधी

कारखाना डबघाईला आला की ऑफिसात एकेकाला बोलावून सांगतात, राजीनामा लिहून द्या, फुल अँड फायनल लगेच करतो. घरात हप्ते थकलेले असतात, माणूस सही करतो. मला या सगळ्या विषयातली सर्वांत महागडी सही हीच वाटते. राजीनामा दिला की कायद्याच्या भाषेत तुम्हाला कुणी कमी केलेलं नसतं, तुम्ही स्वतःहून गेलेले असता. मग कपातीची भरपाई नाही आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा (ईएसआयसी) दोन वर्षांपर्यंतचा भत्ताही नाही. कामावरून कमी केल्याचं किंवा कारखाना बंद केल्याचं पत्र तारखेसह, शिक्क्यासह मागा. मालक देत नसेल तर लेखी मागणी करा आणि तिची पोच ठेवा.

मालकाकडून काय येणं आहे

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. सलग एक वर्ष काम झालेल्या कामगाराला कमी करायचं तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाईही द्यावी लागते. शेवटचं वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलं असेल तर ते पूर्ण धरतात. समजा पगार 15,000 रुपये आणि नोकरी 12 वर्षं. भरपाई साधारण 90,000 होते, नोटिशीचा महिना वेगळा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी, आणि याच उदाहरणात ती 1,03,846 रुपये होते. राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाला पाहिजे.

नव्या संहितेत एक तरतूद आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने 15 दिवसांची रक्कम कामगार पुनर्कौशल्य निधीत भरायची आहे. तिथून ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची आहे. हा निधी उभा करणं सरकारचं काम, पण मागणीच्या पत्रात त्याचा उल्लेख तुम्ही आवर्जून करा. एका वर्षाच्या आत त्याच कारखान्यात पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना प्राधान्य द्यायचं असतं, तेही लक्षात ठेवा.

ले-ऑफ ही वेगळी गोष्ट. त्यात नोकरी संपत नाही, फक्त काम थांबतं. 50 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात त्या काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते.

विमा महामंडळाचे दोन भत्ते

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचे ईएसआयसीसाठी 0.75 टक्के कापले जातात. स्लिपवर ही कपात दिसत असेल तर पुढचं नीट वाचा.

पहिली, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद झाला किंवा कपात झाली आणि विम्याची किमान दोन वर्षं भरलेली असली, तर पहिले 12 महिने रोजच्या सरासरी पगाराच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के भत्ता मिळतो. त्या काळात कुटुंबासह औषधोपचारही चालू राहतात. अर्जाचा फॉर्म यूए-1. त्याला कपातीचं किंवा कारखाना बंद झाल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. वरच्या पत्राची खरी किंमत इथे कळते.

दुसरी, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. तिच्यात 50 टक्के भत्ता जास्तीत जास्त 90 दिवस आणि आयुष्यात एकदाच मिळतो. 500 रुपये रोजावर तो 22,500 होतो. दोन वर्षं विमापात्र नोकरी हवी. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी कालावधीत 78 दिवस भरलेले हवेत. त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकातही 78 दिवस हवेत. वर्गणी कालावधी म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. गैरवर्तनाची शिक्षा, सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल तर ती मिळत नाही. 2018 पासून चालू असलेल्या या योजनेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात सध्याची मुदत विचारा.

हिचा अर्ज नोकरी जाऊन 30 दिवस झाल्यावर कामगाराने स्वतः ईएसआयसीच्या वेबसाइटवर करायचा, मालकाची सही लागत नाही. कागद ऑनलाइन चढवता आले नाहीत तर अर्जाची प्रिंट सही करून, आधारची झेरॉक्स आणि बँक पासबुकच्या पहिल्या पानासह शाखा कार्यालयात द्या. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आधारवर एक, विमा कार्डावर दुसरं, पासबुकवर तिसरंच. ही दुरुस्ती नोकरी असतानाच करून घ्या, तेव्हा एचआरचा माणूस फोन तरी उचलतो.

कंत्राटदाराच्या हजेरीवर असाल तर तुमची वर्गणी त्याच्या कोडवर भरली जाते. तो मध्ये ब्रेक देतो आणि 78 दिवस तिथेच हुकतात. दर सहामाहीला आपले भरलेले दिवस वेबसाइटवर बघत चला.

पीएफ

नोकरी सोडल्याची तारीख मालकाने पीएफच्या वेबसाइटवर भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ती भरू शकता. पेन्शनची सेवा 10 वर्षांच्या आत असेल तर पेन्शनचे पैसे उचलण्याची घाई करू नका. स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनच्या सेवेचा दाखला, घेतलं तर पुढच्या नोकरीतली वर्षं त्यात जोडली जातात.

विट्यातल्या मागवाल्यांसाठी

यंत्रमागावर चार-सहा माणसं असतील तर ईएसआयसी लागू होत नाही आणि वरचे दोन्ही भत्ते मिळत नाहीत. ई-श्रम कार्डावर बेकारी भत्ता नाही, कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. पण कपातीची भरपाई लहान कारखान्यालाही लागू आहे. अडचण पुराव्याची असते. वर्षात 240 दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं, म्हणून विणलेल्या कापडाच्या मीटरच्या चिठ्ठ्या, हजेरीच्या पानांचे फोटो आणि खात्यात आलेल्या पगाराच्या नोंदी जपून ठेवा.

मालक काहीच देत नसेल तर सांगली किंवा साताऱ्याच्या सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज करा. 45 दिवसांत तडजोड झाली नाही तर कामगार थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊ शकतो, मात्र कमी केल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत.