कुवेतचा काळा धूर सैनिकांच्या रक्तात सापडला का?

फेब्रुवारी १९९१. आखाती युद्धात माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतमधल्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या. बुरगानच्या तेलक्षेत्राच्या आसपास भर दुपारी अंधारून येई. तिथे लढायला आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या थुंकीतून काजळी पडे, गणवेशावर तेलाचे शिंतोडे उडत. शेवटची विहीर बंद व्हायला ६ नोव्हेंबर उजाडला.

कच्चं तेल उघड्यावर जळतं तेव्हा ते पुरतं जळत नाही. मग काजळीचे सूक्ष्म कण, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन हवेत मिसळतात. हे शेवटचे लांबलचक नावाचे रेणू शरीरात गेले की त्यांच्यापासून बनलेले पदार्थ डीएनएला चिकटू शकतात. कर्करोगाची भीती इथूनच सुरू होते. पण चिकटलेल्या या रेणूंमुळे एक सोयही होते: रक्त तपासून ते मोजता येतात.

जर्मनीतून त्या उन्हाळ्यात कुवेतला गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या एका तुकडीवर हेच केलं गेलं. जाण्याआधी, तिथे असताना आणि परतल्यावर रक्त घेतलं. निष्कर्ष उलटाच निघाला: कुवेतमधलं प्रमाण जर्मनीतल्यापेक्षा कमी भरलं! आगीच्या प्रचंड उष्णतेने धूर उंच उचलला जाई आणि वाऱ्याबरोबर दूर वाहत जाई, त्यामुळे डोक्यावर आभाळ काळं असलं तरी नाकाशी त्या रेणूंचं प्रमाण कमी राही. आग विझवणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. विहिरीच्या तोंडाशी काम करणाऱ्या त्या माणसांच्या रक्तात तेलातली बाष्पशील रसायनं स्पष्टपणे जास्त आढळली.

म्हणजे सैनिकांना काहीच झालं नाही? असं म्हणायला मी धजणार नाही. एक तर रक्ताची ती चाचणी कर्करोगाशी संबंधित रेणूंची होती. श्वासनलिकेला झोंबणारे वायू आणि धूळ यांच्याबद्दल ती काही सांगत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धुराचा अंदाजित संपर्क जास्त असलेल्या माजी सैनिकांत दमा काहीसा अधिक दिसला. त्याच वर्षी आयोवातल्या माजी सैनिकांच्या अभ्यासात तसा संबंध दिसला नाही. तिथे ‘मी खूप धुरात होतो’ असं सांगणाऱ्यांत त्रास जास्त होता, पण कुणाच्या वाट्याला किती धूर आला याच्या, वाऱ्याच्या नोंदींवरून काढलेल्या आकड्यांशी तो जुळेना. आजारी माणसाला धूर अधिक आठवतो, की आकडेच अपुरे आहेत?

माझ्या मते खरा घोटाळा आधीच झाला होता. अमेरिकी लष्कराने हवेची पद्धतशीर मोजणी सुरू केली ती मे महिन्यात. तोवर बहुतेक सैनिक घरी परतले होते. फेब्रुवारी-मार्चच्या सर्वांत दाट धुरात जे उभे होते, त्यांच्या फुप्फुसांत नेमकं किती गेलं हे सांगणारी पद्धतशीर मोजणी तेव्हा झालीच नव्हती. कागदोपत्री उरल्या त्या हवामानाच्या नोंदी, आणि माणसांच्या आठवणी.

२०२२ साली अमेरिकेत ‘पॅक्ट’ कायदा झाला. ऑगस्ट १९९० पासून त्या प्रदेशात सेवा केलेल्या माजी सैनिकाला नंतर दमा जडला, तर तो सेवेमुळेच झाला असं आता गृहीत धरलं जातं. कुठल्या दिवशी, किती धूर नाकात गेला, याचा पुरावा त्याच्याकडे मागितला जात नाही.